अडतिसाव्या वर्षी कोण निवृत्त होतं?

सरकारी भरतीची जाहिरात आली आणि तिच्यात माजी सैनिकांच्या राखीव जागांचा रकाना दिसला की ठरलेलं भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, पेन्शन घेता, कँटीन घेता, घरपट्टी माफ करून घेता आणि वर आमच्या पोरांच्या वाट्याची नोकरीही घेता? दुसरी बाजू म्हणते, सियाचीनला एक रात्र काढून दाखवा, मग तोंड उघडा. पहिल्या बाजूचा हिशेब अर्धाच असतो, दुसऱ्या बाजूला हिशेब मांडणंच अपमानाचं वाटतं. पण दोघांनीही एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते: फौजेतून सुटलेला माणूस आयुष्याचं काम संपवून आलाय, आता त्याच्या पदरात किती टाकायचं एवढंच ठरवायचं उरलंय.

वाद फसतो तो इथेच. दरवर्षी तिन्ही दलांतून साधारण 60,000 जण बाहेर पडतात आणि त्यांतले बहुतेक 35 ते 45 या वयाचे असतात. शिपाई म्हणूनच राहिलेला जवान 17 ते 19 वर्षांनी सुटतो, हवालदार 24 ते 26 वर्षांनी. एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई म्हणजे अडतिशीत पेन्शनवर येतो. मुलं पाचवी-सातवीत, आई-वडील सत्तरीकडे झुकलेले, घराचं बांधकाम जोत्यापर्यंत आलेलं. सैन्य तरुण राहावं या सरकारच्या गरजेपोटी त्याला अर्ध्या वाटेवर मोकळा केलेला असतो. तेव्हा खरा प्रश्न त्याच्या दुसऱ्या नोकरीचा आहे, त्या नोकरीसाठी त्याला कोणी आणि कधी तयार केलं याचा आहे, आणि ज्या घरात तो परत येतो त्या घराचा आहे. पेन्शन हा त्यातला तुलनेने सुटलेला भाग. चौकातल्या सन्मानाच्या फलकांबद्दल तर न बोललेलंच बरं.

विरोधकांच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करू. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6.81 लाख कोटी रुपये होते, त्यांतले सुमारे 1.61 लाख कोटी नुसत्या पेन्शनचे. म्हणजे रुपयातले जवळपास 24 पैसे. हा पैसा तोफेतून, विमानातून, जवानाच्या बुटातून वजा होतो, हे म्हणणं खोटं नाही. दुसरी गोष्ट जास्त बोचरी. केंद्रात 1 जानेवारी 2004 नंतर आणि महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या नागरी कर्मचाऱ्याची जुनी पेन्शन गेली, सैन्यदलांची मात्र राहिली. मार्च 2023 मध्ये राज्यातले कर्मचारी याच कारणासाठी संपावर गेले होते. त्या संपातल्या शिक्षकाला शेजारच्या हवालदाराची पेन्शन खुपली, तर त्याला देशद्रोही म्हणून गप्प करणं हे उत्तर नव्हे. सीमा सुरक्षा दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांची तक्रार तर आणखी सरळ आहे: गोळी तीच, थंडी तीच, पेन्शन मात्र नवी. ऊसतोड कामगाराची गोष्टच सोडा, त्याला कुणीच हिशेबात धरत नाही.

हे सगळं मान्य करूनही ‘दुहेरी लाभ’ हा आरोप टिकत नाही, कारण तो बेरीज करतो आणि वजाबाकी विसरतो. राज्य सरकारचा कर्मचारी 58 व्या वर्षापर्यंत पगार घेतो. मूळ पगारात वर्षाला 3 टक्के वाढ धरली, तर 20 वर्षांत तो 1.8 पट होतो, बढती वेगळीच. जवानाची ही वीस वर्षं कापली जातात आणि पेन्शन ठरते ती अडतिसाव्या वर्षीच्या पगाराच्या निम्मी. ‘समान पद, समान पेन्शन’ 1 जुलै 2014 पासून लागू झाली आणि दर पाच वर्षांनी तिची फेरआखणी होते, हे चांगलंच झालं. पण ती जुन्या आणि नव्या निवृत्तांमधली दरी बुजवते, न मिळालेल्या वीस वर्षांची भरपाई करत नाही. त्यातच सरकारी घर, रेशन आणि युनिटचा दवाखाना एका तारखेला संपतो. दवाखान्याच्या जागी 2003 पासून माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, पण तिचं पॉलिक्लिनिक जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावी. खेड्यातल्या माणसाचा एका रेफरलमागे एक दिवस जातो.

पुन्हा नोकरी लागली तर काय होतं, हेही नीट बघायला हवं. केंद्राच्या नियमानुसार अधिकारी दर्जाखालच्या माजी सैनिकाची पेन्शन नव्या पगारातून वजा होत नाही. टीकाकार एवढंच सांगतात. त्याच नियमाची दुसरी बाजू अशी की त्याचा पगार त्या पदाच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठरतो. दहा माणसांचं सेक्शन चालवलेला, जीव धोक्यात घालून निर्णय घेतलेला हवालदार कालच्या पदवीधरासोबत पहिल्या पायरीवर उभा राहतो. दोन पगार मिळतात हे खरं, पण ज्येष्ठता शून्यावरून सुरू होते आणि 58 किंवा 60 पर्यंत उरतात वीस-एक वर्षं.

एकरकमी पैशाबद्दलचा गैरसमज तर दोन्ही बाजूंना आहे. ‘फौजीला तीस-चाळीस लाख मिळतात’ असं गाव म्हणतं आणि उसने मागायला येतं. त्यातला मोठा भाग असतो पेन्शन विकून आलेला. सैनिकाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. उदाहरणासाठी मूळ पेन्शन 20,000 धरा. 10,000 विकले तर चाळिशीच्या आसपासच्या वयाचा गुणक 9.09, म्हणून 10,000 गुणिले 12 गुणिले 9.09, म्हणजे 10 लाख 90 हजार हातात येतात. मग 15 वर्षं महिन्याला 10,000 कमी, एकूण 18 लाख. लोक हे ऐकून ‘सरकारने लुबाडलं’ म्हणतात. जरा थांबून मोजलं तर हे साधारण 7 टक्के व्याजाचं कर्ज आहे, महागाई भत्ता पूर्ण 20,000 वरच मिळत राहतो आणि मधेच मृत्यू आला तर उरलेली वसुली घरच्यांच्या गळ्यात पडत नाही. गृहकर्जापेक्षा सौदा वाईट नाही. वाईट असतं ते पुढचं: ते पैसे गावात तीन मजली घर बांधण्यात जातात, ज्याचं भाडं कधीच येत नाही, किंवा बिगरशेती न झालेल्या प्लॉटमध्ये, किंवा दामदुप्पट योजनेत, जिचा एजंट बऱ्याचदा माजी सैनिकच असतो, कारण विश्वास त्याच्यावरच बसतो. दुसरी नोकरी हातात नसताना निम्मी पेन्शन विकू नये, ही साधी गोष्ट सुटण्याच्या वर्षभर आधी सांगायला कोणी बसतं का?

सुटलेल्या सैनिकाचं काय करायचं हा पेच जुनाच आहे. रोमच्या ऑगस्टसने इ.स. 6 मध्ये त्यासाठी स्वतंत्र खजिना उभारला, त्यात वारसा संपत्तीवर 5 टक्के आणि लिलावावर 1 टक्का कर वळवला. श्रीमंत रोमनांनी भरपूर कुरकुर केली. पण त्याआधीच्या शंभर वर्षांत सैनिकाला जमीन मिळवून द्यायचा तो सेनापती, आणि म्हणून सैनिक शहरावर चालून जायचे तेही सेनापतीच्याच शब्दाखातर. ऑगस्टसला हे तोडायचं होतं. मराठी मुलखात वेगळी रीत होती. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याआधी घरी, असा शिपाईगिरीचा हंगाम असल्यामुळे शेत हातचं सुटत नसे, आणि कामी आलेल्याच्या मुलाबाळांसाठी बालपरवेशी लावून दिली जाई. पूर्णवेळ पगारी फौज आली तशी ही सोय संपली.

अमेरिकेने हा धडा दोनदा गिरवला. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना बोनसची प्रमाणपत्रं दिली, ती वटणार 1945 मध्ये. मंदीत उपाशी मरणारे हजारो माजी सैनिक 1932 मध्ये वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले आणि त्यांना हुसकायला सैन्यच पाठवावं लागलं. बारा वर्षांनी, जून 1944 मध्ये, युद्ध चालू असतानाच नवा कायदा झाला: शिक्षणाचं शुल्क, शिकताना निर्वाहभत्ता आणि घर-धंद्याच्या कर्जाला हमी. 1956 पर्यंत सुमारे 78 लाख जणांनी त्यातून शिक्षण घेतलं, आणि त्यांत महाविद्यालयात गेलेले 22 लाखांच्या आसपासच होते. बाकीचे हातचं काम, कारखान्यातली उमेदवारी, शेतीचं प्रशिक्षण यांकडे गेले. पैसा दोन्ही वेळेला लागला. एका वेळी तो उशिरा द्यायचा ठरला, दुसऱ्या वेळी माणूस घरी पोचायच्या आत त्याच्या पुढच्या कामावर लावला. आपण अजून पहिल्या प्रकारात आहोत, एवढंच.

‘आरक्षण आहे की’ असं कोणी म्हणेल. आहे. केंद्राच्या गट क मध्ये 10 टक्के, पूर्वीच्या गट ड मध्ये 20, सार्वजनिक उपक्रमांत याच दोन गटांत 14.5 आणि 24.5, महाराष्ट्राच्या गट क आणि ड मध्ये 15. कागदावर इतकं भरघोस आरक्षण असताना नाक्यानाक्यावर आणि एटीएमच्या दारात माजी सैनिकच का दिसतात? कारण जागा भरतच नाहीत. ‘योग्य उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा पडतो आणि जागा दुसऱ्याकडे जाते. म्हणजे ‘आमच्या पोरांच्या जागा खाल्ल्या’ हा आरोप बहुतेक भरत्यांत मुळातच चुकीचा असतो. उमेदवार का मिळत नाही, हे कळायला परीक्षा बघावी. वयात सूट आहे: खऱ्या वयातून सेवेची वर्षं आणि वर तीन वर्षं वजा होतात. पंधरा वर्षं सेवा आणि दहावीसोबत सैन्याचं शिक्षण प्रमाणपत्र असेल तर गट क च्या अनेक पदांना पदवीधर समजतात. पण प्रश्नपत्रिका तीच, जी चोवीस वर्षांचा मुलगा दोन वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन फक्त तिच्यासाठी बसून सोडवतो. शेवटचं पोस्टिंग अरुणाचलात असलेल्या, नाईक पदावरच्या जवानाने शेकडेवारी आणि इंग्रजी व्याकरण कधी करायचं?

त्यात एक खाच आहे, जी सुटायच्या आधी फार थोड्यांना कळते. माजी सैनिकाच्या कोट्यातून केंद्र सरकारची एक नागरी नोकरी स्वीकारली की पुढच्या भरतीसाठी तो कोटा संपतो. मात्र रुजू होताच ‘मी रुजू होण्याआधी या या पदांसाठी, या या तारखांना अर्ज केले आहेत’ असं लेखी स्वयंघोषणापत्र नव्या कार्यालयात दिलं, तर त्या अर्जांपुरता हक्क शाबूत राहतो. हातात पहिली आली म्हणून कार्यालयातल्या शिपायाची नोकरी घेतलेला, आणि सहा महिन्यांनी लिपिकाच्या यादीत नाव येऊनही मुकलेला माणूस या एका कागदावाचून मुकतो. अर्ज सुटण्याच्या आधीच्या वर्षात, युनिटचं ना हरकत पत्र घेऊन, करता येतात. बरेच जण घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवतात आणि मग बातमी येण्याची वाट बघतात. तोवर वर्ष गेलेलं असतं.

मग उरते सुरक्षारक्षकाची नोकरी, बारा-बारा तासांची. तिला कमी लेखायचं कारण नाही, पण तीही वाटते तितकी सोपी नाही. स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक असेल तर गनमॅन म्हणून थोडा जास्त पगार मिळतो. त्यासाठी परवाना काढा, पाच वर्षांनी नूतनीकरण करा, काडतुसांचा हिशेब ठेवा. आणि निवडणूक लागली की हत्यार पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो, त्यातून सूट मिळवायला बँकेचं पत्र घेऊन फेऱ्या मारा. सूट वेळेत मिळाली नाही तर तेवढे दिवस बंदूकही नाही आणि गनमॅनचा पगारही नाही. वीस वर्षं सैन्याच्या सिग्नल म्हणजे संदेशवहन दलात रेडिओ संच दुरुस्त केलेला माणूस या कामाला का लागतो? कारण त्याच्या डिस्चार्ज बुकात ट्रेड लिहिलेला असतो, वर्तणुकीच्या रकान्यात उत्तम शेरा असतो, पण कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला आयटीआयचा कागद हवा असतो. पुनर्वसन महासंचालनालय सुटण्याआधी 24 आठवड्यांपर्यंतचे अभ्यासक्रम देतं, पण सुटणाऱ्यांची संख्या बघता जागा अपुऱ्या, आणि युनिटला माणूस सोडवत नाही. दुसऱ्या नोकरीची तयारी शेवटच्या सहा महिन्यांत कोंबण्याऐवजी बाराव्या-तेराव्या वर्षापासून, ट्रेडच्या प्रत्येक वर्गवारी परीक्षेसोबत नागरी प्रमाणपत्र हातात देत केली, तर तिचा खर्च पेन्शनच्या वाढीपेक्षा नक्कीच कमी येईल. वर्ग तोच, निदेशक तोच, परीक्षाही तीच; फक्त निकालावर बाहेरच्या मंडळाचीही सही हवी.

घराचा प्रश्न या वादात कोणी काढतच नाही. जवानाला वर्षाला 60 दिवसांची रजा आणि 30 दिवसांची किरकोळ रजा. उरलेले नऊ महिने घर बायको चालवते आणि शेत भाऊ कसतो. वीस वर्षांनी परत आल्यावर सातबाऱ्यावर नाव असतं, ताबा नसतो. नोकरीत असताना कमांडिंग ऑफिसरचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तलाठी हलतो; पेन्शनवर आल्यावर तोच माणूस इतरांसारखा रांगेत. वाटणीची, वारसनोंदीची कामं वर्दी अंगावर असतानाच उरकावीत, हे सुभेदार नव्या पोरांना सांगतात ते उगाच नाही.

दुसरी अडचण आपल्याकडची खास आहे. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. माहेरची सुवर्णा सासरी वैष्णवी होते. लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या दप्तरातली नोंद, एका नावाने निघते, आधार दुसऱ्या नावाने, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगने. नवरा असेपर्यंत काही अडत नाही. तो गेला की कुटुंब निवृत्तिवेतन अडतं, कारण पेन्शनच्या आदेशातली बाई आणि दारात उभी असलेली बाई संगणकाला वेगळ्या दिसतात. नोकरीत असताना युनिटच्या कारकुनाकडून प्रतिज्ञापत्र आणि नवी पार्ट टू ऑर्डर काढून हे दुरुस्त होतं. नंतर तेच काम रेकॉर्ड ऑफिस, सैनिक कल्याण कार्यालय, राजपत्र आणि पेन्शनची स्पर्श ही ऑनलाइन प्रणाली अशा चार दारांतून जातं, आणि त्या वेळी ती बाई विधवा असते. पंचेचाळिसाव्या वर्षी माजी सैनिक गेला, तर तिला वाढीव दर सात वर्षंच मिळतो, मग मूळ वेतनाच्या 30 टक्क्यांवर येतो. वीरपत्नींचे सत्कार घडवून आणणाऱ्यांनी एखाद्या तालुक्यात नुसती नावं जुळवून देण्याचं शिबिर भरवलं, तरी पुष्कळ होईल.

आणि निवृत्तीनंतरचे छंद? ‘आता मजा आहे, बागकाम करा, गावाची सेवा करा’ हा सल्ला देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चौपन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला कर्नल असतो, किंवा मग राळेगणसिद्धी. सैन्यात वाहनचालक असलेले अण्णा हजारे 1975 मध्ये गावी परतले, स्वतःचे पैसे देवळाच्या दुरुस्तीला लावले, पाणलोटाचं काम उभं केलं. दाखला मोठा आहे. पण ते अविवाहित होते, देवळातच राहत होते. मुलांची फी आणि मुलीचं लग्न हा खर्च त्यांच्यापुढे नव्हता. तो दाखला दोन मुलांच्या बापापुढे ठेवून ‘तुम्ही का नाही?’ विचारणं अन्याय आहे. मुरलीकांत पेटकर यांचं उदाहरण जास्त बोलकं. सांगली जिल्ह्यातले, सैन्याच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती दलातले मुष्टियोद्धे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. मधल्या 46 वर्षांत घर सन्मानावर चाललं नाही, पुण्यातल्या टेल्कोतल्या नोकरीवर चाललं.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडे माजी सैनिकाचा खरा छंद दिसतो तो पहाटेच्या मैदानावर, पोरांना भरतीसाठी तयार करताना. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथले 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले, हे काही नवं नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांत म्हणजे 60 गुण, दहा पुलअप्स म्हणजे 40, नऊ फुटांचा खड्डा आणि नागमोडी फळीवरचा तोल हे फक्त पात्रतेपुरते. आणि 2023 पासून ऑनलाइन लेखी परीक्षा आधी आल्यामुळे नुसतं पळवणाऱ्या अकादम्यांची पोरं मैदानापर्यंत पोचतच नाहीत. जाणता प्रशिक्षक पहिल्याच आठवड्यात गुडघे, तळपाय, कान तपासून घेतो, म्हणजे वैद्यकीय चाचणीत बाद होणारा मुलगा दोन वर्षं वाया घालवत नाही. अडाणी अकादमी रोज डांबरी रस्त्यावर पळवून पोरांच्या नडग्या निकामी करते. हे कौशल्याचं काम आहे, आणि ते बहुतेक जण हौसेखातर, नाममात्र पैशात करतात. पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमधून शिकून आलेल्या हवालदाराला गावच्या शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून घेता येत नाही, कारण बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, नाही. त्याच्या हौसेचं कौतुक करायला ग्रामपंचायत तयार असते. त्या हौसेची नोकरी करायला कोणी तयार नसतं.

पेन्शनच्या खर्चाकडे एकट्याकडेच बघत बसलं की त्यातून काय निघतं, ते जून 2022 मध्ये दिसलं. अग्निपथ योजनेत खर्चाचं उत्तर थेट कापून टाकण्याने दिलं: चार वर्षांची सेवा, चौघांतला एक कायम, बाकी तिघांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून कापलेला. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही. सैन्य तरुण होईल, हा युक्तिवाद मी फेटाळत नाही. चोविशीत शिकणं अडतिशीपेक्षा सोपं असतं, हेही खरं. केंद्रीय निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी सुरुवातीला 10 टक्के जागा राखून ठेवल्या. पण लष्कराच्या पहिल्या तुकडीने जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षण सुरू केलं, म्हणजे तिची चार वर्षं 2026 संपताना भरतात. त्या मुलांनी रेडिओ, इंजिन, जनरेटर यांवर जे काम केलं, त्याचा बाहेर चालणारा कागद त्यांच्या हातात असेल का, हे त्या तारखेआधी ठरायला हवं. आणि जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणीच्या खिडकीवर गेलं तर त्यांची नोंद घ्यायची कोणत्या रजिस्टरमध्ये? आजच्या नियमानुसार ते माजी सैनिकच नाहीत.